नाकाशी बुडबुडे, डोळ्यावर जुनी कात

या वेळच्या टपालात पाळीव सापांच्या दुखण्यांची पत्रं बरीच होती. त्यातली पाच घेतली आहेत. पहिल्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण त्या मादीच्या बाबतीत प्रत्येक दिवस मोलाचा आहे.

प्रश्न : माझ्याकडे चार वर्षांची बॉल पायथन मादी आहे. दहाएक दिवसांपासून श्वास घेताना बारीक शिट्टी ऐकू येते. काल तोंडाच्या कडेला बुडबुडे दिसले. दोनदा उंदीर नाकारला. टाकीच्या काचेवर चिकटवलेला थर्मामीटर ३० अंश दाखवतो, म्हणजे गारठ्याचा प्रश्न नसावा. माझ्यासाठी आणलेल्या अँटिबायोटिकच्या काही गोळ्या घरात आहेत. त्यातली किती द्यावी? डॉक्टरकडे न्यायला मन होत नाही. ती फार भित्री आहे, सुई टोचली तर कायमची बुजेल असं वाटतं.

उत्तर : गोळी देऊ नका. अर्धी नको, चतकोरही नको. एक-दोन दिवसांत तिला सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. तोवर ती तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागली, किंवा डोकं उंच धरून बसायला लागली, तर त्याच दिवशी.

एवढी घाई का, ते सांगते. आपल्या छातीत कफ झाला की आपण खोकून तो बाहेर काढतो. सापाला तसं खोकता येत नाही. त्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, सगळा श्वास फासळ्यांच्या स्नायूंवर चालतो. फुफ्फुस लांबच लांब, आणि त्याचा मागचा भाग म्हणजे नुसती हवेची पिशवी. बहुतेक सापांत उजवं फुफ्फुसच काय ते कामाचं असतं. पायथनला दोन असतात, पण त्यातलंही डावं लहान. आत साठलेल्या स्रावाला वर यायला वाटच नसते, त्यामुळे तो ओठाशी दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं.

नुसती शिट्टी असती तर मी तुम्हाला थोडं थांबायला सांगितलं असतं. कात टाकायच्या सुमाराला नाकपुडीत जुन्या कातडीचा पापुद्रा अडकतो, श्वासाबरोबर वाजतो आणि कात निघाली की आवाज जातो. पण तुमच्याकडे शिट्टी, बुडबुडे आणि नाकारलेलं खाणं अशा तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. हा श्वसनमार्गाचा संसर्ग समजूनच चालायचं.

आता त्या थर्मामीटरबद्दल. काचेवर चिकटवलेली पट्टी काचेचं तापमान सांगते. साप काचेवर झोपत नाही. प्रोब (वायरच्या टोकाला असलेला तापमान मोजणारा भाग) असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. एकाचा प्रोब गरम बाजूला, ती जिथे वेटोळं घालून बसते तिथे, आणि दुसऱ्याचा थंड बाजूला, तसाच जमिनीलगत. बॉल पायथनला गरम बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५ ते २७ लागते. ती बरी होईपर्यंत थंड बाजूही २७-२८च्या खाली जाऊ देऊ नका, आणि रात्री हीटर बंद करू नका. सापाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. त्याची प्रतिकारशक्ती, पचन, औषध शरीरात किती वेगाने फिरतं, हे सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर ठरतं. गार टाकीत ठेवलेल्या सापाला उत्तमातलं औषध दिलं तरी ते धड लागू पडत नाही. माझ्याकडे छातीच्या संसर्गाने आलेल्या सापांच्या टाकीची चौकशी केली, की तापमानाचा घोळ फार वेळा निघतो. म्हणून औषधाच्या आधी मी प्रोबबद्दल विचारते.

हीट मॅट, म्हणजे टाकी गरम ठेवणारी विजेची चटई, असेल तर ती थर्मोस्टॅटवरच, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होणाऱ्या यंत्रावरच, चालवा. साप तापलेल्या जागेवरून आपणहून उठेल हा भरवसा धरू नका. पोट भाजून खवल्यांखाली फोड येईपर्यंत तिथेच पडून राहिलेले साप मी पाहिले आहेत.

आर्द्रता ५५ ते ६५ टक्क्यांच्या आसपास ठेवा, पण हवा खेळती हवी. ओल आणि गारठा एकत्र आला की फुफ्फुसाचं नुकसान होतं. खाली देवदार किंवा पाइनचा भुसा असेल तर आजच काढा आणि साधा कागद अंथरा. उग्र वासाचं बाम, तेल, अगरबत्ती त्या खोलीत नको. गरम पाण्याची वाफही देऊ नका, त्यात साप भाजतो.

दवाखान्यात काय होईल याची तुम्हाला धास्ती आहे, म्हणून मी काय करते ते सांगते. आधी वजन. मग अंगावर ओलसर फडकं ठेवून त्यावरून स्टेथोस्कोप लावते, कारण कोरड्या खवल्यांवर तो टेकवला तर नुसती खरखर ऐकू येते. त्यानंतर मऊ प्लास्टिकची पट्टी ओठांच्या मधून हलकेच सरकवून तोंड उघडते. खालच्या जबड्यात अगदी पुढे श्वासनळीचं तोंड असतं, एक छोटी उभी फट. निरोगी सापात ही फट मिटलेली असते, श्वासापुरती उघडते, पुन्हा मिटते. आजूबाजूच्या हिरड्या फिकट गुलाबी आणि ओलसर. संसर्ग झालेल्या सापात फट उघडते तेव्हा तिच्यावर चिकट तार ताणली जाते आणि मिटताना तिचाच बुडबुडा होतो. तुम्ही ओठाच्या कडेला पाहिलात तो हाच. हिरड्यांवर लाल ठिपके किंवा पिवळट साका दिसला तर तोंडालाही लागण झाली आहे. सापाचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहून जात नाही, घट्ट होऊन तिथेच बसतो, त्यामुळे तो हाताने साफ करावा लागतो. हे घरी करून बघू नका. जबडा जबरदस्तीने उघडला की दात तुटतात, आणि तुटल्या जागी नवीन संसर्ग होतो.

मग श्वासनळीतल्या स्रावाचा नमुना घेऊन कल्चरला, म्हणजे त्यातले जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, पाठवतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात. या आजारात बऱ्याचदा स्यूडोमोनाससारखे चिवट जीवाणू सापडतात. तुमच्या घरातल्या गोळीला ते दाद देतील याची खात्री नाही. चुकीचं औषध थोडं थोडं पोटात गेलं तर नंतर कल्चरमध्येही नीट काही सापडत नाही, आणि मग उपचार अंदाजाने करावे लागतात. सापांना सेफ्टाझिडिम हे इंजेक्शन पुष्कळदा दिलं जातं. ते साधारण ७२ तासांनी एकदा द्यावं लागतं, म्हणजे रोज टोचाटोची नाही. सुई शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं. मात्रा ग्रॅममधल्या वजनावर ठरते. आवाज थांबला म्हणून मध्येच इंजेक्शनं सोडू नका, सांगितलेला कोर्स पुरा करा.

ती बुजेल ही तुमची काळजी मला कळते. सुईचं काम काही सेकंदांचं आहे. नंतर तिला लपायच्या जागेत शांत सोडा आणि उपचारापुरताच हात लावा. उपचारानंतर पूर्वीसारख्या हाताळू देणाऱ्या भित्र्या माद्या मी पाहिल्या आहेत. फुफ्फुस कायमचं खराब झालेले सापही पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी मला फारसं काही करता आलं नाही.

घरात आणखी पायथन आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर पीसीआर चाचणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. पायथनमध्ये श्वसनाचा आजार करणारा निडोव्हायरस २०१४ साली ओळखला गेला. त्याच्यावर थेट औषध नाही. म्हणून आजारी मादीला वेगळ्या खोलीत ठेवा, तिचं सगळं काम शेवटी करा, चिमटा आणि पाण्याचं भांडं वेगळं ठेवा, आणि दर वेळी हात साबणाने धुवा.

सध्या खायला देऊ नका, पाणी मात्र कायम ताजं असू द्या. चार वर्षांची, अंगाने भरलेली मादी काही आठवडे उपाशी सहज राहते. नेताना तिला कापडी पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा, पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा आणि हवेसाठी भोकं पाडा. खोक्यात कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा, तिच्या अंगाला लागणार नाही अशी. टाकीचे फोटो आणि प्रोबचे आकडे सोबत न्या. त्यावरून डॉक्टरांना बरंच कळेल.

प्रश्न : आमच्या कॉर्न स्नेकची कात या वेळी तुकड्यातुकड्यांनी निघाली. उजव्या डोळ्यावरचा पापुद्रा तसाच राहिला आहे, डोळा धुरकट दिसतो. चिमट्याने अलगद काढला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. सापाला पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना त्याचा वरचा थर निघतो. चिमट्याने ओढताना जुन्या थराबरोबर खालचा जिवंत खवला फाटला तर डोळा उघडा पडतो आणि बहुतेक वेळा जातो.

आधी पापुद्रा खरंच राहिला आहे का ते बघा. टाकलेल्या कातीचे डोक्याकडचे तुकडे गोळा करून उजेडात धरा. डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक चकत्या दिसायला हव्यात. दोन्ही सापडल्या तर डोळ्यावर काही अडकलेलं नाही, आणि धुरकटपणाचं कारण वेगळं आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की हा खवला सुरकुततो किंवा खळगा पडल्यासारखा दिसतो, आणि लोक त्यालाच अडकलेली कात समजून खरवडतात.

चकती एकच सापडली, तर झाकणाला भोक पाडलेला प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात ओलं मॉस किंवा भिजवून पिळलेले कागदी टॉवेल भरा आणि डबा गरम बाजूला ठेवा. साप आपणहून आत जाऊन बसेल. दुसऱ्या दिवशी त्याला ओल्या, मऊ टॉवेलाच्या घडीतून हातातून सरकू द्या. बरीच कात अशी सुटते. डोळ्याचं तरीही सुटलं नाही तर पुढच्या कातीपर्यंत थांबा आणि तोवर आर्द्रता नीट ठेवा, बहुधा तेव्हा दोन्ही थर एकदम निघतील. त्या वेळीही राहिलं, किंवा मधल्या काळात डोळा सुजला, तर डॉक्टरला दाखवा.

डोळ्याच्या नादात शेपटीचं टोक विसरू नका. तिथे कातीचं कडं राहिलं तर ते आवळत जातं, रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून गळतं. असं झालेली शेपटी मला डोळ्यांपेक्षा जास्त वेळा बघावी लागते.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. माझा कॉर्न स्नेक एक वर्षाचा आहे. त्याने गेल्या आठवड्यात खाल्लेला उंदीर दोन दिवसांनी बाहेर टाकला. त्याला भूक लागली असेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत दिला, तोही त्याने टाकला. खूप घाण वास येत होता. मला फार भीती वाटते. तो मरेल का?

उत्तर : तू लगेच लिहिलंस ते फार बरं केलंस. दोनदा उलटी झाली म्हणून साप सहसा मरत नाही. पण आता पुढचे १४ दिवस त्याला काहीही खायला द्यायचं नाही. त्याने कितीही जीभ काढून तुझ्याकडे पाहिलं तरी नाही. उलटीबरोबर पोटातला पाचक रस बाहेर जातो आणि अन्ननलिका आतून सोलवटते. ती भरून यायच्या आत परत खाल्लं तर पुन्हा उलटी होते, आणि प्रत्येक उलटीत त्याची ताकद जाते. पाणी मात्र रोज ताजं.

या दोन आठवड्यांत चार गोष्टी तपास. गरम बाजू २९ ते ३१ अंश आहे का? गारठ्यात अन्न पचण्याऐवजी पोटात सडतं. उंदीर त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा मोठा होता का? फ्रीझरमधला उंदीर आतपर्यंत सुटला होता का? वरून मऊ लागला तरी मधे बर्फ राहू शकतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून मग बंद पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवायचा, मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. आणि शेवटची गोष्ट : खाल्ल्यावर तू त्याला उचललंस का? खरं सांग, तुला कोणी रागावणार नाही. खाल्ल्यानंतर निदान ४८ तास त्याला हात लावायचा नसतो.

१४ दिवसांनी नेहमीच्या निम्म्या आकाराचा एकच उंदीर दे. तो पचला आणि नीट शी झाली, की आठवड्याने परत तसाच एक लहान. असे तीन-चार पचले की हळूहळू आकार वाढव.

तिसऱ्यांदा उलटी झाली तर मात्र घरी काही करत बसू नकोस. बाहेर आलेलं सगळं झिपच्या पिशवीत घालून थंड जागी ठेव, खाण्याच्या फ्रिजमध्ये नको, आणि आईबाबांबरोबर त्याला डॉक्टरकडे ने. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी सापाच्या जठराला सूज आणतो, पोटाच्या मधल्या भागात फुगवटा दिसतो आणि खाल्लेलं टिकत नाही. त्याची तपासणी व्हायला हवी, कारण त्याच्यावर भरवशाचा इलाज नाही आणि तो दुसऱ्या सापांनाही होतो. तुझ्या सापाच्या बाबतीत मला तो सध्या तरी वाटत नाही. घाईने दिलेलं दुसरं खाणं हेच कारण जास्त शक्य दिसतं.

साफसफाई झाली की दर वेळी साबणाने हात धू. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू येऊ शकतो. घरात पाच वर्षांखालचं भावंड असेल तर त्याला टाकीला हात लावू देऊ नकोस.

प्रश्न : आमचा साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून असतो. भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसतात. घरात झुरळांसाठी आणलेला फवारा आहे, तो टाकीत मारू का?

उत्तर : अजिबात मारू नका. ते ठिपके खसखशीएवढे असतील आणि पांढऱ्या कागदावर घेतल्यावर काही हलताना दिसले, तर ते सापाचे माइट्स, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे आहेत. साप त्यांच्या चाव्याने हैराण होऊन पाण्यात बसतो. हनुवटीखालच्या खाचेत आणि डोळ्यांच्या कडांना बॅटरी मारून बघा, तिथेही दिसतील. घरगुती कीटकनाशकाने माइट्सच्या आधी साप मरू शकतो. अंगाला झटके येणं, मान मागे वळवून वर बघत राहणं, उलटं टाकलं तर सुलटं न होणं ही विषबाधेची लक्षणं आहेत.

टाकीतलं सगळं अंथरूण बंद पिशवीत भरून घराबाहेर टाका. लाकडी वस्तू काढून टाका, टाकीचे सांधे कढत पाण्याने घासा, खाली साधा कागद घाला आणि तो रोज बदला. औषध पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणेच. फिप्रोनिल किंवा आयव्हरमेक्टिन देतात, पण सापाचं वजन आणि अवस्था बघून. घरात कासव असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण आयव्हरमेक्टिन कासवांना मारक आहे. माइट्स दिसेनासे झाले तरी महिनाभर कागद बदलत राहा, अंडी सांध्यांत राहिलेली असतात. आणि यापुढे नवीन साप आणला तर त्याला ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा.

प्रश्न : आमचा बॉल पायथन नर अडीच महिने जेवला नाही. बाकी तो ठीक आहे. काळजी करावी का?

उत्तर : मोठा नर विणीच्या काळात काही महिने न जेवता राहतो. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा. उपास सुरू झाला तेव्हाच्या वजनातून १० टक्के कमी झालं, पाठीचा कणा वर दिसायला लागला किंवा पहिल्या पत्रातल्यासारखा आवाज यायला लागला, तर त्याला दाखवायला न्या. तोवर दहा-पंधरा दिवसांनी एकदा उंदीर पुढे ठेवा, घेतला नाही तर उचलून टाका. जबरदस्तीने तोंडात कोंबू नका.